कल विचारा, कौल नको

मागच्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, भाची पुण्याहून नाशिकला आली, इंदिरानगरला आमच्याकडेच उतरली आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, मावशी मी राजीनामा टाकतेय. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत चौदा वर्षं एचआरमध्ये आहे, राजीनामे रोज बघते, त्यामुळे दचकले वगैरे नाही. विचारलं, दुसरीकडे ऑफर आहे का? नाही. मॅनेजर त्रास देतो का? तसं काही नाही. मग झालं काय? तर म्हणाली, टॉवर आला.

टॉवर म्हणजे टॅरोमधला, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांमधला, सोळा नंबरचा पत्ता. उंच मनोरा, त्यावर वीज पडलीये, वरचा मुकुट उडालाय आणि दोन माणसं डोकं खाली पाय वर अशी कोसळतायत. तिनं एका बाईंकडे ऑनलाईन ‘करिअर रिडिंग’ घेतलं होतं, पंचेचाळीस मिनिटं, २,१०० रुपये. बाईंनी सांगितलं की मार्चच्या आत ही नोकरी जाणार, पत्त्यात स्पष्ट दिसतंय, त्यापेक्षा तू आधीच स्वतःहून सोड म्हणजे एनर्जी चांगली राहील. आणि वर पायराईट नावाच्या खड्याचं ब्रेसलेट, ३,५०० चं, ते हातात होतंच. पोरगी चोवीस वर्षांची, इंजिनीअर, डोक्यावर गाडीचा हप्ता, आणि एका चित्रावरून नोटीस पिरियड मोजायला बसलेली.

घरात जे व्हायचं तेच झालं. दाजी अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शिबिरांना जाणारे, ते फोनवरच तापले, म्हणाले ते पत्ते आधी कचऱ्यात टाक. आई म्हणाली परक्या पत्त्यांना कशाला विचारायचं, पंचवटीत आपले ओळखीचे गुरुजी आहेत, पत्रिका दाखवू, कालसर्प निघालाच तर त्र्यंबकला जाऊन येऊ. दोघंही तिच्या काळजीनंच बोलत होते, पण त्या रात्री अकरापर्यंत तिला एकानंही हे विचारलं नाही की बाई गं, तुला त्या नोकरीत नेमकं काय होतंय. मीही नाही विचारलं, आणि माझं तर कामच ते आहे.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. कारण मी स्वतः टॅरोचे पत्ते वापरते. २०२१ पासून, लॉकडाऊननंतर कंपनीत कपात झाली आणि लोकांच्या हातात पत्र द्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा एका मैत्रिणीनं सेट दिला होता. रविवारी सकाळी एक पत्ता काढते, त्यातलं चित्र बघते आणि अर्धं पान लिहिते, बस्स. भविष्य विचारत नाही. त्यामुळे पत्ते फेकून द्या हे मला पटत नाही, आणि पत्ता सांगेल ते करा हे तर अजिबातच पटत नाही.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, कल आणि कौल. ऐकायला जवळजवळ, अर्थानं फार लांब. कौल म्हणजे निकाल. कोकणात देवाला कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार, विषय संपला. निवडणुकीच्या निकालाला पण आपण जनतेचा कौल म्हणतो, तो मान्य करायचा असतो. आणि कल म्हणजे ओढा, मन कुठे झुकतंय ते. मतमोजणीच्या दिवशी सकाळी टीव्हीवर आधी ‘कल’ येतात, मग संध्याकाळी निकाल, आणि कलावरून सकाळीच गुलाल उधळला की काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय. दहावीच्या पोरांसाठी बोर्डानं २०१६ मध्ये परीक्षा आणली तिचं नावही कलचाचणी होतं, कौलचाचणी नव्हतं. तर माझं म्हणणं सरळ आहे, करिअरच्या बाबतीत पत्त्यांना कल विचारा, म्हणजे स्वतःचाच कल त्यांच्या मदतीनं बघा, कौल मागू नका आणि जो पत्ता दाखवून कौल देतो त्याला पैसे देऊ नका.

टॅरो म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी इजिप्तचं, हजारो वर्षांचं गूढ. तसं नाहीये. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून तयार झाले, आपण रमी खेळतो तसा एक खेळ. इजिप्तची कथा १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकानं, कूर द जेबलँनं, जोडून दिली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. भविष्य सांगायला हे पत्ते जोरात वापरले जायला लागले ते त्याच काळात. म्हणजे तीनशे वर्षं तरी लोक यावर मुख्यतः डाव मांडत होते.

आणि आज नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत जो सेट सगळ्यात जास्त दिसतो तो १९०९ चा, लंडनचा. ए. ई. वेट नावाच्या गृहस्थांनी करून घेतला, चित्रं काढली पॅमेला कोलमन स्मिथ या बाईनं. एकूण ७८ पत्ते, त्यातले २२ मोठे आणि ५६ साध्या पत्त्यांसारखे चार रंगांचे. त्याआधीच्या बहुतेक सेटमध्ये या ५६ पत्त्यांवर नुसती चिन्हं असायची, आठ नाणी म्हणजे आठ नाणी काढलेली, संपलं. या बाईनं प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग काढला, कुणी काठ्यांचं ओझं कवटाळून वाकून चाललाय, कुणी झाडाखाली हाताची घडी घालून रुसून बसलाय, कुणी मांडलेले पेले तसेच टाकून रात्री डोंगराकडे निघालाय. माणसं दिसतात म्हणून आपण त्यात स्वतःला घालून बघू शकतो. पत्त्यांची सगळी ताकद मला तरी तिथेच वाटते, एका चित्रकाराच्या हातात.

त्या बाईनं काम संपल्यावर एका पत्रात लिहिलंय की खूप मोठं काम अगदी थोड्या पैशात पूर्ण केलं. पुढे ती इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये राहिली, १९५१ मध्ये गेली, कर्ज ठेवून गेली, तिच्या वस्तू विकून देणी भागवावी लागली. जिच्या चित्रांना आज लाखो पोरं ‘माझ्या करिअरचं काय होणार’ विचारतात, तिचं स्वतःचं असं झालं. हे वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं होतं, आणि पॅकेज वाढेल का असं पत्त्याला विचारायची इच्छा त्या दिवशीच गेली.

आता ‘पण ताई त्यांनी माझ्याबद्दल सगळं बरोबर सांगितलं’ याचं काय? भाचीचंही हेच म्हणणं होतं. बाईंनी म्हणे ओळखलं की तुझ्यात क्षमता खूप आहे पण ऑफिसात ती कुणाला दिसत नाही, तू बाहेरून शांत असतेस पण आत सतत विचार चालू असतात, आणि एका जवळच्या माणसानं तुला समजून घेतलं नाही. मी गेल्या चौदा वर्षांत हजारेक तरी मुलाखती घेतल्या असतील. ही तीन वाक्यं त्यातल्या कुणालाही सांगितली असती तर तो म्हणाला असता की मॅडम तुम्हाला कसं कळलं. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल म्हणून एकेक कागद दिला आणि तुम्हाला कितपत लागू पडतो त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली. म्हणजे ‘बरोबर सांगितलं’ यावरून सांगणाऱ्याला पुढचं दिसतं असं सिद्ध होत नाही. आपण सगळे एकमेकांसारखे बरेच आहोत, एवढंच त्यातून कळतं.

बरं, पत्ते काढून सांगणं आपल्याला काही नवीन पण नाही. लहानपणी रामकुंडाजवळ पोपटवाला बसायचा, पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट बाहेर यायचा, चोचीनं एक पाकीट ओढायचा. पहाटे पिंगळा यायचा. आजी त्याला सुपातून धान्य घालायची, तो बोलेल ते सगळं ऐकून घ्यायची, आणि मग जे करायचं ते स्वतःच्या मनानंच करायची. पोपटवाल्याच्या सांगण्यावरून कुणी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधली नोकरी सोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तर त्या रात्री पुढे काय झालं ते सांगते. जेवणं उरकल्यावर मी माझा सेट काढला, ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवला. तिला वाटलं आता मावशी पण रिडिंग करणार. मी पत्ते पालथे नाही ठेवले, सगळे सुलटे पसरले आणि म्हटलं यातलं तुला जे चित्र सारखं बघावंसं वाटतंय ते उचल. तिनं एट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे आठ नाण्यांचा पत्ता उचलला. त्यात एक कारागीर बाकावर बसलाय, कमरेला एप्रन, हातात हातोडी आणि छिन्नी, एक नाणं कोरतोय. सहा नाणी शेजारच्या खांबावर एकाखाली एक लावलीयेत, एक खाली पायाशी, एक हातातलं. लांब मागे गावाची घरं दिसतात. पुस्तकात या पत्त्याचा अर्थ मेहनत, कौशल्य, शिकाऊपणा असा देतात.

मी फक्त विचारलं, काय दिसतंय?

ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, गाव किती लांब आहे ना. हा एवढी बनवतोय, बनवून बनवून टांगतोय आणि बघायला कुणीच नाही.

आणि तिचे डोळे भरले. मग एकेक निघायला लागलं. दोन वर्षं ज्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतेय ते वापरणारा एक माणूस तिनं आजपर्यंत बघितला नाहीये. क्लायंट परदेशात, टीम तीन शहरांत, निम्मं काम घरून, चूक सापडली की तिकीट, म्हणजे त्या चुकीची नोंद टाकायची, तिकीट बंद झालं की दुसरं. काम जमत नाही असं नाही, काम आवडत नाही असंही नाही, पण आपण जे करतो ते कुठे जातं हेच कळत नाही. निफाडला त्यांची द्राक्षबाग आहे, लहानपणी पेट्या भरायला मदत करायची, पेटीवर नाव असायचं, गाडी निघायची, कुठल्या मार्केटला गेली ते संध्याकाळी कळायचं. हे ती बोलली, पत्ता नाही बोलला. मार्चमध्ये नोकरी जाणार हे कुठल्या कुठे राहिलं.

पत्ता बोलला नाही हे मी इतक्या खात्रीनं का म्हणते, तर दुसऱ्या दिवशी त्याच पत्त्याचा फोटो मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दोघांना दाखवला. आमच्याकडचे एक टर्नर काका, तीस वर्षं लेथवर, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, काम चांगलं आहे पण हा एक पीस खाली का ठेवलाय, रिजेक्ट आहे का? एक नवीन ट्रेनी मुलगी, चार महिने झालेत, ती म्हणाली, याला शिकवणारं कुणी नाहीये का, एकटाच बसलाय. चित्र एकच. काकांना पीस दिसला, पोरीला शिकवणारा नसल्याचं दिसलं, भाचीला लांबचं गाव. त्या ट्रेनी मुलीला मी त्याच आठवड्यात एक सीनियर जोडून दिला, कारण चार महिन्यांत तिनं हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं पण नव्हतं.

यावर दाजींचा प्रश्न रास्त आहे, की मग पत्ते कशाला, सरळ विचारा ना पोरांना. विचारून बघा. तुला आयुष्यात काय करायचंय असं समोर बसवून विचारलं की दहातली नऊ पोरं ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि खरंच माहीत नसतं, किंवा माहीत असतं पण तोंडातून निघत नाही. आपल्याकडे म्हणतात जात्यावर बसलं की ओवी सुचते. आपल्या आज्या-पणज्यांनी सासरचं दुःख, माहेरची ओढ, सगळं जात्यावर बसूनच सांगितलं, सासूला नाही सांगितलं. जात्याला काही कळत होतं म्हणून नाही. हात गुंतलेले, नजर दुसरीकडे, समोर कुणी उत्तर मागत बसलेलं नाही, म्हणून मनातलं ओठावर यायचं. चित्रानं तेच होतं. आणि कुणाला पत्त्यांचं वावडं असेल तर जुन्या फोटोंनी होईल, कॅलेंडरच्या चित्रानं पण होईल, माझा हट्ट नाही.

पण याला धोके आहेत आणि ते लहान नाहीयेत. मनासारखा पत्ता येईपर्यंत परत परत काढायची सवय लागते, माझ्या ओळखीत एकजण इंटरव्ह्यूला निघायच्या आधी पाच-पाचदा काढायची, शेवटचा वाईट आला की घरीच थांबायची. तिथे पत्ते बंदच करायला हवेत. झोप उडालीये, महिनोन्‌महिने कशातच मन लागत नाहीये अशा वेळी तर पत्ते नाहीतच, डॉक्टरच, किंवा निदान १४४१६ ला फोन, सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट. आणि प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं असतं. ‘मला प्रमोशन मिळेल का’ याचं उत्तर तुमच्या बॉसकडे आणि कंपनीच्या ताळेबंदात आहे, पत्त्यात नाही. ‘प्रमोशन मिळालं तर मला रोज सकाळी कामावर जावंसं वाटेल का’ यावर मात्र पत्ता समोर ठेवून विचार करता येतो. त्यानंतर पत्ते पेटीत ठेवायचे आणि सॅलरी स्लिप काढायची, हप्ते लिहायचे, सहा महिने पगाराशिवाय निघतील का ते बघायचं, आणि जे काम करावंसं वाटतंय ते करणाऱ्या दोन-तीन माणसांना प्रत्यक्ष जाऊन भेटायचं. एवढं केल्याशिवाय राजीनामा नाही.

मला खरं बोलायचंय ते मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल. पोरं २,१०० रुपये देतात कशाचे? भाचीला मी विचारलं, तर म्हणाली, मावशी पहिल्यांदा कुणीतरी पंचेचाळीस मिनिटं फक्त माझ्याबद्दल बोललं. हे माझ्या जिव्हारी लागलं. आमच्याकडे वर्षाचं अप्रेझल पंधरा मिनिटांत आटपतं. आम्ही एचआरवाले माणूस सोडून चालला की एक्झिट इंटरव्ह्यू घेतो, का चाललास, काय आवडलं नाही, सगळं फॉर्ममध्ये भरून घेतो, आणि तो माणूस आहे तोपर्यंत एकदाही विचारत नाही. कॉलेजात प्लेसमेंट सेल असतो, तो कंपन्या आणतो, पॅकेजचे आकडे बॅनरवर लावतो, पण तुला हे काम झेपेल का, आवडेल का, हे तिथे कोण बोलणार.

नाशिकला पूर्वी हा प्रश्न एवढा पडायचा नाही. नाशिकरोडचा प्रेस, ओझरला मिग विमानांसाठी १९६४ मध्ये उभं राहिलेलं एचएएल, सातपूर-अंबडच्या कंपन्या, नाहीतर घरची बाग. आयटीआय केलं, ॲप्रेंटिस झालं, चिकटलं की रिटायरमेंटलाच बाहेर. निवड आयुष्यात एकदाच करायची असायची आणि तीही बहुतेक वडीलच करायचे. आता पोरांना दर दोन-तीन वर्षांनी तोच निर्णय नव्यानं घ्यावा लागतो, पुणे की मुंबई की परत नाशिक, आयटी की एमपीएससी की स्वतःचं काही, आणि घरात ज्यांना विचारायचं त्यांना या नोकऱ्यांची नावंसुद्धा समजत नाहीत. मग पोरगं मोबाईलवर रील बघतं, ‘हा मेसेज तुझ्यापर्यंत आलाय म्हणजे तुझ्यासाठीच आहे’. जाणार नाही तर काय करेल.

म्हणून पत्त्यांवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं, पण ज्योतिषाचा सल्ला त्या कायद्यानंही बाहेरच ठेवलाय, आणि ७८ चित्रांवर पोलीस पाठवून काही होणार पण नाही. मला हवंय ते असं, की जी माणसं करिअर रिडिंगचे पैसे घेतात त्यांनी नोकरी जाईल, अमुक महिन्यात मिळेल असल्या तारखा देणं बंद करावं, आणि रिडिंगच्या जोडीला खडे-ब्रेसलेट विकणं बंद करावं. चांगलं काम करणाऱ्याही काही जणी आहेत, मी त्यातल्या एकीला ओळखते, ती पहिल्याच मिनिटाला सांगते की मला पुढचं दिसत नाही, आपण फक्त बोलूया. तिच्याकडे गर्दी कमी असते. आणि दुसरं, कॉलेजांनी प्लेसमेंट सेलच्या शेजारी एक खोली द्यावी जिथे शिकलेला समुपदेशक रोज बसेल, वर्षातून एकदा सेमिनारपुरता नाही. कंपन्यांनी चालू नोकरीत वर्षातून एकदा तासभर माणसाशी बोलावं, टार्गेटची फाईल बाजूला ठेवून. आमच्या कंपनीत मी हा प्रस्ताव जानेवारीत दिला, एका डिपार्टमेंटला ट्रायल मिळालीये, बावीस माणसं आहेत, आत्तापर्यंत नऊ झाली.

भाचीनं राजीनामा दिला नाही. मार्च आला आणि गेला, नोकरी आहे तिथेच आहे. फेब्रुवारीत द्राक्षाचा सीझन सुरू झाला तेव्हापासून ती शनिवार-रविवार नाशिकला येऊन पिंपळगावला एका नातेवाईकांच्या पॅकहाऊसमध्ये जाते, कुठल्या प्लॉटचा माल, रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात फवारणीचा अंश किती उरलाय त्याचा अहवाल, आला का, कुठल्या पेटीत गेला, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं ते एका साध्या सिस्टीममध्ये बसवतेय. पैसे अजून काही मिळत नाहीत. नोकरी सोडायची की नाही हे ठरलेलं नाही, दिवाळीपर्यंत बघू म्हणते, तोवर गाडीचे हप्ते संपतात. मागच्या रविवारी रात्री आली ती पाय धरूनच बसली, आठ तास उभी होती, आणि जेवता जेवता सांगत होती की तिथल्या पेट्या भरणाऱ्या एका मावशींनी स्क्रीनवर स्वतःच्या हातच्या पेटीचा नंबर शोधला आणि विचारलं, ही आता कुठं पोहोचली गं?